रेकॉर्डरची पाचवी जागा

गल्लीत त्यांना सगळे ऑपरेटरबाई म्हणत. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, एक्सचेंजच्या इमारतीत आता तयार कपड्यांचं दुकान आहे, तरी नाव काही सुटलं नाही. चौतीस वर्षं त्या कानाला हेडफोन लावून बसल्या. इकडचा माणूस तिकडच्या माणसाला जोडून द्यायचा आणि लगेच आपला कान काढून घ्यायचा, एवढंच काम. पण जोडून देणं सोपं, कान काढून घेणं अवघड. मोडलेली लग्नं, फुटलेल्या भागीदाऱ्या, डॉक्टरांनी आधी नातेवाइकांना सांगितलेल्या गोष्टी, सगळं त्यांच्या हातांखालून गेलं आणि त्यातलं एक अक्षर कधी तोंडावाटे बाहेर पडलं नाही. शेजारणी म्हणायच्या, बाईंच्या पोटात गेलं ते विहिरीत पडलं.

घरात दुसऱ्या होत्या त्यांच्या नणंद. बाई त्यांना वन्सं म्हणत. वन्संनी लग्न केलं नाही. इस्पितळाच्या रेकॉर्ड खोलीत नोकरी केली. कोणाला काय झालंय, कोणाचं काय कापलंय, कोणाला किती दिवस उरलेत, हे सगळं त्यांच्या कपाटात नंबरवार लावलेलं असे. त्यांच्याही तोंडाला कुलूप. बाईंचे यजमान हयात होते तोवर घरात बोलणारा माणूस तेवढा एकच होता. ते गेल्यावर या दोघी राहिल्या. एक त्र्याहत्तरची, एक सत्तरची, आणि दोघींच्या पोटात मिळून अर्ध्या शहराची गुपितं.

गल्लीत दोन घरं सोडून भरदिवसा चोरी झाली, आणि परगावी असलेल्या मुलाने फोनवर हट्टच धरला. म्हणाला, कॅमेरे बसवू या. बाई म्हणाल्या, बसव, पण घराच्या आत एकही नको. मी इकडे पदर खोचून फरशी पुसायची आणि तू तिकडून बघायचं, हे चालणार नाही. मग दोनच ठरले. एक फाटकावर, एक मागच्या दारावर. बिनतारी. चित्रं साठवणारा रेकॉर्डर तेवढा घरात ठेवायचा. पुस्तकाएवढा काळा डबा. त्याला एक प्लग मिळाला की झालं, घरात कुठेही राहतो.

कुठेही राहतो, हेच तर नडलं. ज्याला कुठेही ठेवता येतं त्याला नेमकं कुठे ठेवायचं, हे ठरवणं महाकठीण.

कॅमेरेवाल्याने तो टीव्हीखाली ठेवला. बाईंनी विचारलं, "चोर आला तर आधी काय उचलेल?"

"टीव्ही," कॅमेरेवाला म्हणाला.

"मग टीव्हीबरोबर हाही जाईल की. चोराचं चित्र चोराच्याच पिशवीत."

कॅमेरेवाल्याने डोकं खाजवलं. इतकी वर्षं तो टीव्हीखालीच डबे ठेवत आला होता आणि हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. मग मात्र त्याने खुर्ची ओढली आणि दोघींना समोर बसवून नीट समजावलं. डब्याला हवा लागते, कोंडला की तापतो. पाणी आणि वाफ चालत नाही. लोखंडी पेटीत घातला तर फाटकावरचा कॅमेरा त्याला सापडत नाही. दिसता तर कामा नयेच. "आणि शेवटचं म्हणजे," तो म्हणाला, "जागा घरातल्या एकाच माणसाला ठाऊक असलेली बरी. दोघांना कळलं की चौघांना कळतं."

बोलणं संपवून तो गेला. असली वाक्यं कोणासमोर बोलावीत याचा त्या बिचाऱ्याला काय पत्ता! दुसऱ्या कुठल्या घरात ते वाक्य या कानाने शिरून त्या कानाने गेलं असतं. इथे दोन बायका अशा होत्या, की ज्यांनी उभा जन्म नियम म्हणजे नियम असं म्हणत काढला होता. वन्सं तिथल्या तिथे उठल्या. "वहिनी, जागा तू ठरव. मला सांगू नकोस," म्हणाल्या आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

बाईंनी डबा आधी स्वयंपाकघरात वरच्या फळीवर ठेवला. आठवड्याने हात लावून पाहिला तर तेलकट चिकट. मग आपल्या पलंगाखाली ठेवला. तिथे फरशी पुसणारीच्या ओल्या फडक्याने दोनदा त्याला आंघोळ घातली. शेवटी मधल्या खोलीतलं चादरींचं कपाट सापडलं. तळाच्या कप्प्यात हिवाळ्याची जाड पांघरुणं होती, उन्हाळाभर त्यांना कोण हात लावतंय! कपाटाच्या पाठीला वायरीपुरतं भोक होतं, पलीकडे प्लग होता. टीव्ही, फळी, पलंग आणि आता कपाट. चौथ्या जागी डबा बसला आणि बाई निश्चिंत झाल्या. रोज सकाळी चहा घेताना त्या मोबाइलवर फाटक बघत, मागचं दार बघत. चित्रं येत होती. कपाट उघडायचं कारणच नव्हतं.

दोन महिन्यांनी मुलाचा फोन आला. "आई, डब्याच्या खाली एक नंबर छापलेला असतो. तेवढा वाचून दाखव ना, नोंदणी करायची राहिली आहे."

"थांब हं," म्हणून बाई उठल्या. मधल्या खोलीत गेल्या, गुडघ्यावर हात ठेवून खाली बसल्या, पांघरुणांमागे हात घातला. हाताला कपाटाची पाठ लागली. डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं. शेवटी पांघरुणं बाहेर काढली. डबा नव्हता. वायरही नव्हती.

चोरी म्हणावी, तर मोबाइलवर फाटक जसंच्या तसं दिसत होतं. फाटकावर एक मांजर बसलं होतं, ते शेपटी हलवत होतं. म्हणजे डबा घरातच होता, चालू होता, आणि कुठे होता ते बाईंना ठाऊक नव्हतं.

"आई? सापडला का?"

"चष्मा सापडत नाहीये रे. नंतर सांगते." चष्मा डोळ्यांवरच होता.

"असू दे. पुढच्या रविवारी मी येतोच आहे, मीच बघतो."

फोन ठेवला आणि बाईंनी मनात मोजायला सुरुवात केली. चार वेळा डबा आपण हलवला. नाही, पहिल्यांदा कॅमेरेवाल्याने ठेवला, तीनदा आपण. मग पाचव्यांदाही आपणच हलवला असेल आणि ते आपल्या लक्षात नाही. दुसरं कोण हलवणार? जागा एकट्या आपल्याला ठाऊक होती.

बाईंची आई शेवटी शेवटी सगळं विसरली होती. सुरुवात किल्लीपासून झाली. किल्ली कुठे तरी जपून ठेवायची आणि ती जपलेली जागाच विसरायची. मग गॅस, मग घराचा रस्ता. आणि एका सकाळी बाई माहेरी गेल्या, तर आईने दारातच विचारलं होतं, "कोणाकडे आलात?" ते दोन शब्द बाईंनी एकवीस वर्षं पोटात ठेवले होते. वन्संनासुद्धा सांगितले नव्हते.

आता सरळ वन्संना विचारायचं की नाही? पण विचारायचं तर कबूल करायचं. बाईंनी दोन दिवस काढले आणि मग ताकाला जाऊन भांडं लपवलं. भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "वन्सं, चादरींचं कपाट आवरलंत का हो इतक्यात?"

"गेल्या महिन्यात आवरलं. का गं?"

"काही नाही. सहज."

वन्संनी मान खाली घातली आणि देठं मोडू लागल्या. बाईंचा उरलासुरला धीर सुटला. वन्सं खोटं बोलणाऱ्या नव्हेत. डबा तिथे दिसला असता तर गप्प बसल्या असत्या का? हे काय इथे ठेवलंयस, म्हणून दहा प्रश्न आले असते. म्हणजे गेल्या महिन्यातच डबा तिथे नव्हता. म्हणजे त्याच्याही आधी आपण तो हलवला होता.

त्यानंतर दुपारी वन्संचा डोळा लागला की बाईंची शोधमोहीम सुरू होई. माळ्यावरच्या पिशव्या झाल्या, शिवणाच्या यंत्राचा कप्पा झाला. एकदा तर तांदळाच्या डब्यात हात घालून पाहिला, आणि मग तांदळात प्लग कुठला, हे लक्षात येऊन स्वतःवरच चिडल्या. शोधून दमल्या की खुर्चीत बसून जुने टेलिफोन नंबर म्हणत. गिरणीचा, धर्मशाळेचा, मोठ्या डॉक्टरांचा. चाळीस वर्षांपूर्वीचे नंबर घडाघडा येत. क्षणभर बरं वाटे आणि मग आठवे, आईलाही शाळेतल्या कविता शेवटपर्यंत पाठ होत्या. सकाळी जेवले की नाही तेवढं आठवत नव्हतं.

रविवार दोन दिवसांवर आला. मुलगा येणार, डबा कुठे म्हणून विचारणार, आणि आईला सांगता येणार नाही. तो काही रागावणारा नव्हता. तो हळूच बघेल, हळू आवाजात बोलेल आणि जाताना म्हणेल, आता तू आमच्याकडेच चल. त्या हळू आवाजाचीच बाईंना धास्ती होती. आईशी त्या स्वतः त्याच आवाजात बोलत असत.

शुक्रवारी दुपारी त्या पुन्हा खुर्चीत बसल्या होत्या, नंबर म्हणत. आणि मधेच थांबल्या. एक्सचेंजमध्ये लाइनीत बिघाड आला की काय करायचे? कोणी टेबलाखाली शोधत फिरायचं का? फोरमन लाइनीची एकेक फांदी तोडायचा. ही तोडली, लाइनीतली खरखर चालूच. म्हणजे बिघाड इथे नाही. ती तोडली, खरखर गेली, बिघाड सापडला. दहा दिवस आपण टेबलाखाली शोधतोय, चौतीस वर्षं काय केलं मग?

त्या तडक उठून विजेच्या बोर्डाजवळ गेल्या. चार बटणं होती. स्वयंपाकघर, बाईंची खोली, वन्संची खोली, आणि पुढची व मधली मिळून एक. डाव्या हातात मोबाइल धरला. त्यावर फाटक आणि मागचं दार, दोन्ही शेजारीशेजारी दिसत होतं. एकच चित्र गेलं तर तो नुसता कॅमेऱ्याचा वीजपुरवठा. दोन्ही गेली तर डबा.

स्वयंपाकघराचं बटण खाली केलं. मागचं दार गेलं, फाटक राहिलं. म्हणजे स्वयंपाकघर नाही. बटण वर.

आपल्या खोलीचं खाली केलं. दोन्ही चित्रं जागच्या जागी. तिथेही नाही. म्हणजे इतके दिवस आपली गादी उगाच उलटीपालटी केली.

वन्संच्या खोलीच्या बटणावर बोट ठेवलं आणि थांबल्या. तिथे कसा असेल? वन्संच्या खोलीत त्या दारावर टकटक केल्याशिवाय कधी गेल्या नव्हत्या, आणि वन्सं नसताना तर मुळीच नाही. तरी पद्धत ती पद्धत. बटण खाली केलं.

फाटक गेलं. मागचं दारही गेलं.

बाईंचं बोट बटणावरच राहिलं. डबा सापडला होता. जागा विसरलो, हे एक वेळ समजू. पण आपण वन्संच्या खोलीत शिरलो, डबा ठेवला, प्लग लावला, बाहेर आलो, आणि त्यातलं काही म्हणता काही आठवत नाही? एवढं अख्खं पान फाटून जातं?

"वहिनी!" आतून आवाज आला. "माझा पंखा का गं बंद पडला?" आणि वन्सं दारात आल्या. केस विस्कटलेले, हातात चष्मा. त्यांनी बोर्ड पाहिला, वहिनीचं बटणावरचं बोट पाहिलं, आणि तोंडही पाहिलं. "काय झालं? बरं वाटत नाही का?"

आता लपवायचं काही उरलं नव्हतं.

"वन्सं," बाई म्हणाल्या, "मी तुमच्या खोलीत येऊन गेले. तो कॅमेऱ्याचा डबा तिथे ठेवला. कधी ठेवला ते मला आठवत नाही. तुम्हाला न विचारता आले तेही आठवत नाही. दहा दिवस शोधतेय. माझ्या आईला झालं तेच मला होतंय." आणि एकवीस वर्षं गिळून ठेवलेलं तेही त्यांनी सांगून टाकलं, की आईने दारात विचारलं होतं, कोणाकडे आलात.

वन्संनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अगं बाई! अगं, तू कुठली ठेवतेस! मी आणला तो!"

"तुम्ही?"

"मी! गेल्या महिन्यात पांघरुणांत डांबराच्या गोळ्या ठेवायला गेले, तर हाताला ऊन ऊन लागलं. बघते तर हा पठ्ठ्या पांघरुणांत गुरफटून निजलेला, तापाने फणफणल्यासारखा. म्हटलं, एखाद दिवशी कपाट पेटायचं. काढला आणि माझ्या खोलीत नेऊन ठेवला."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"कसं सांगणार? एकालाच ठाऊक असावं म्हणाला ना तो? आता मला ठाऊक झालं होतं. मग तुला ठाऊक असून कसं चालेल?"

हे वन्संनी इतक्या सरळ चेहऱ्याने सांगितलं, की बाईंना हसावं की रडावं कळेना. "अहो, पण मी कपाटाचं विचारलं तेव्हा तरी!"

"मला वाटलं परीक्षा घेतेस. मी तोंड उघडते का ते बघतेस." वन्सं जरा ताठ झाल्या. "एकतीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलंय. मी कशाला उघडते!"

बाई तशाच आत गेल्या आणि वन्संच्या पलंगावर मटकन बसल्या. जीव भांड्यात पडला म्हणतात, तसा तो पडल्याचा त्यांना आवाजसुद्धा ऐकू आल्यासारखं वाटलं. मी विसरले नव्हते. आठवलं नाही, कारण आठवण्यासारखं काही घडलंच नव्हतं. त्यांनी हे मनात तीनदा म्हटलं आणि चौथ्यांदा मोठ्याने म्हटलं, "मी विसरले नव्हते हो, वन्सं." आणि मग त्या रडल्या, चांगल्या खळखळून, पदर तोंडाला न लावता. दहा दिवसांचं सगळं त्यात वाहून गेलं. वन्संनी पाण्याचा तांब्या आणला, बोर्डावरचं बटण वर करून आल्या आणि शेजारी येऊन बसल्या.

डबा पुस्तकांच्या मांडणीवर सगळ्यात वर होता, वेताची टोपली पालथी घालून झाकलेला. टोपलीच्या भोकांतून हवा खेळत होती. खिडकी लांब, म्हणजे पाणी नाही. लाकूड असल्यामुळे फाटकावरचा कॅमेरा त्याला छान सापडत होता. बाईंनी उभं राहून टोपलीला हात लावला. गार होती.

"आधीच्या चारही जागांपेक्षा बरी आहे," त्या म्हणाल्या. असं कबूल करायला दुसऱ्या दिवशी त्यांना जड गेलं असतं, पण त्या दुपारी त्यांनी वन्संना काहीही देऊन टाकलं असतं.

वन्सं मात्र हसल्या नाहीत. चष्म्याच्या काचा पुसत म्हणाल्या, "खरं सांगू? मीही घाबरले होते. दुपारी एकटीच बसून आकडे पुटपुटतेस. तांदळात हात घालून उभी राहतेस. मला वाटलं, झालं सुरू. चार रात्री झोप नाही. पण विचारायचा धीर होईना."

"मग विचारायचं होतं!"

"तू विचारलंस का मला?"

दोघी मूग गिळून बसल्या होत्या, एकाच छताखाली, भिंतीच्या दोन बाजूंना, एकाच भीतीने. रस्त्यावरून भंगारवाल्याची हाक गेली. मोबाइलवर फाटक परत आलं होतं.

"वन्सं, एक कबूल करा," बाई म्हणाल्या. "खरंच कधी मी विसरायला लागले, तर मला सांगायचं. मुलाला नाही, डॉक्टरांना नाही. आधी मला. त्याच दिवशी."

"सांगीन. आणि मी लागले तर तू सांग."

"सांगेन." बाईंनी टोपली सारखी केली. "पण वन्सं, तुम्ही सांगितलंत आणि मी तेच विसरले तर?"

"मग परत सांगीन," वन्सं म्हणाल्या. "रोज सांगीन. मला कुठे जायचंय?"